तोफेपासून गुप्तीपर्यंत

केंद्र सरकारच्या शस्त्र नियमांना जोडलेली पहिली अनुसूची एकदा तरी वाचून पाहावी. सरकारी कागद इतका रंगतदार क्वचित असतो. तोफा, विमानवेधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रे वरच्या रकान्यात. मग रायफली, पिस्तुले, बारा बोअरच्या बंदुका, हवेच्या बंदुका. त्याखाली पुराणवस्तू म्हणून जपलेली हत्यारे. त्याही खाली तलवार, खंजीर, संगीन, भाला, बरची, फरशी, कुकरी, कृपाण आणि काठीत लपवलेली तलवार, म्हणजे आपली गुप्ती. एवढ्यावर न थांबता पोलादी दंडुकाही आहे. सहा मुख्य गट आणि त्यांचे पोटगट मिळून या देशात कोणाच्या हातात काय असू शकते हे ठरते.

पण अनुसूची वाचता वाचता एक गोष्ट खटकू लागते. वरच्या गटात जास्त घातक आणि खालच्या गटात कमी घातक, असा सरळ हिशेब इथे नाही. बारा बोअरची दुनळी पाच-सात हातांवरून झाडली तर ९ मिलिमीटरच्या पिस्तुलापेक्षा भयंकर जखम करते. तरीही दुनळीचा परवाना जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देऊ शकतात आणि ९ मिमी पिस्तुलासाठी थेट दिल्लीला गृह मंत्रालयाकडे जावे लागते. या रकान्यांमागे हत्याराच्या ताकदीपेक्षा राज्यकर्त्यांच्या भीतीचा इतिहास जास्त आहे, असे माझे मत आहे. कधी भीती शस्त्रागार फुटण्याची, कधी बंडाची, कधी कोटाखाली लपवलेल्या नळीची. ती भीती ध्यानात घेतली की विचित्र वाटणारी कलमे उलगडू लागतात.

बंदुकीच्या दुकानात किंवा कलेक्टर कचेरीतल्या परवाना शाखेत गेलात तर अनुसूचीचे सहा गट कोणी बोलत नाही. तिथे दोनच शब्द चालतात: पीबी आणि एनपीबी. पीबी म्हणजे प्रोहिबिटेड बोअर, एनपीबी म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर. पहिला गट तो पीबी, तिसरा गट तो एनपीबी. बोलीभाषेत सोयीचे असले तरी ‘बोअर’ या शब्दाने थोडी दिशाभूल होते. पहिल्या गटातले प्रत्येक हत्यार नळीच्या मापामुळे तिथे गेलेले नाही. कोणी यंत्रणेमुळे गेले, कोणी लांबीमुळे, तर कोणी काडतुसामुळे.

यंत्रणेपासून सुरुवात करू. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या व्याख्येनुसार चाप दाबला आणि तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहिल्या, तर ते हत्यार प्रतिबंधित. स्टेनगन, मशीनगन, एके-४७ आणि तिची चिनी बहीण एके-५६ ही सगळी मंडळी इथे. एके-५६ वर एक खटका असतो. तो एका बाजूला केला की एकेक गोळी सुटते, दुसऱ्या बाजूला केला की बरसात. मी ती एकेक गोळीच्या खुणेवर ठेवली होती, हा बचाव चालत नाही. कायदा त्या क्षणी खटका कुठे होता ते विचारत नाही. हत्यार कशासाठी घडवले किंवा कशासाठी बदलून घेतले, एवढेच बघतो. विषारी वायू किंवा द्रव सोडणारी हत्यारेही याच व्याख्येत बसतात. अशा शस्त्रांसाठी कलम ७ आहे. केंद्र सरकारने खास अधिकार दिल्याशिवाय ती बाळगता, बनवता, विकता येत नाहीत.

अर्धस्वयंचलित बंदुकीची गोष्ट वेगळी. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढचे काडतूस आपोआप नळीत येऊन बसते. वर्तमानपत्रात या दोन्हींना सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात आणि वाचकाचा गोंधळ उडतो. आपला कायदा अर्धस्वयंचलित रायफल पहिल्या गटात टाकतो. अर्धस्वयंचलित पिस्तूल मात्र, त्यात सैन्याचे काडतूस बसत नसेल तर, तिसऱ्या गटात सोडतो. यंत्रणा तीच, पण लांब नळीला मज्जाव आणि आखूड नळीला परवाना. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुले पाठवली आणि त्यांतल्या एकाने डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. तेव्हा असे पिस्तूल ही नवलाईची चीज होती. आज त्या जातीचे .३२ मापाचे पिस्तूल सरकारी कारखान्यात तयार होते आणि नागरिकाला परवान्यावर विकले जाते.

आता काडतुसाकडे. सगळ्या अनुसूचीतला सर्वांत बोलका भाग मला हाच वाटतो. पहिल्या गटाच्या ‘क’ पोटगटात .३०३ आणि ७.६२ मिमीच्या रायफली येतात, अगदी हाताने बोल्ट मागे ओढून भरायच्या असल्या तरी. म्हणजे प्रश्न वेगाचा नाही. ज्या बंदुकीत सैन्याचे किंवा पोलिसांचे काडतूस बसते ती नागरिकाला नको, एवढाच त्याचा अर्थ. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या बाबतीतही तसेच: .३८०, .४५५ किंवा सैन्याचे ९ मिमी काडतूस ज्यात झाडता येते ते वर गेले. छावणीतून पेटीभर गोळ्या चोरीला गेल्या तरी बाहेर त्या झाडायला बंदूकच मिळू नये, हा मूळ विचार.

आणि हा विचार स्वातंत्र्यानंतर सुचलेला नाही. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात .४५० मापाच्या काडतुसांवर बंदी आणली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी बंडखोर ती वापरतील, ही धास्ती. पंचाईत झाली वाघ-हत्तींची शिकार करणाऱ्या साहेबांची आणि संस्थानिकांची, कारण त्यांच्या मोठ्या रायफली त्याच मापाच्या होत्या. मग इंग्लंडमधल्या बंदूककारांनी माप किंचित बदलून .४६५, .४७० अशी नवी काडतुसे बाजारात आणली. कायद्याने इंचाचे दोन शतांश वगळले आणि शिकारी रायफलींची एक अख्खी पिढी त्या दोन शतांशांत जन्माला आली. आपल्याकडची .३१५ रायफल त्याच वाटेवरची. पश्चिम बंगालमधल्या ईशापूर कारखान्याची ही बोल्ट-ॲक्शन रायफल उत्तर भारतात आजही दिसते. रानडुक्कर आडवे करायला ती .३०३ पेक्षा फारशी कमी नाही, फक्त तिच्यात .३०३ चे काडतूस बसत नाही. तेवढ्यावर ती एनपीबी.

.४१० मस्केटची कथा तर याहून मासलेवाईक. ईशापूरलाच जुन्या .३०३ रायफलींच्या नळ्यांतले आटे काढून त्या गुळगुळीत केल्या जात आणि एका वेळी एकच गोळी भरता येईल अशी सोय केली जाई. हे सोंग कोणासाठी? पोलीस आणि तुरुंगातले पहारेकरी यांच्यासाठी. जमाव पांगवायला पुरेशी, पण देशी शिपायाने उलट फिरवली तर सैन्याच्या रायफलीपुढे टिकणार नाही, अशी बंदूक. आपल्याच पोलिसाला किती शस्त्र द्यायचे याचा इतका मोजून मापून विचार १८५७ ची आठवण असलेलेच सरकार करू शकते. ती मस्केट कधीच संग्रहालयात गेली. अनुसूचीत मात्र ती अजून पहिल्या गटात, स्वयंचलित शस्त्रांच्या शेजारी बसून आहे. .३०३ चेही तसेच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आपल्या पोलिसांकडे असलेल्या जुन्या .३०३ रायफली हल्लेखोरांच्या एके-४७ पुढे किती तोकड्या होत्या ते साऱ्या देशाने पाहिले. पण कायद्याच्या कागदावर दोन्ही पहिल्याच गटात.

मापांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण .३२ आणि १२ हे आकडे एकाच फूटपट्टीवरचे नाहीत. रायफल-पिस्तुलाचे माप इंचाच्या दशांश भागात: .३२ म्हणजे इंचाचे बत्तीस शतांश, साधारण ८ मिमी. छऱ्याच्या बंदुकीचे माप निराळ्या रीतीने काढतात. एक पौंड शिसे घेऊन त्याच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर, व्यासाने सुमारे १८.५ मिमी. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान होते, म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा अरुंद. आकडा वाढला की नळी बारीक. पहिल्यांदा परवान्याचा अर्ज भरणारे इथेच चुकतात.

छऱ्याच्या बंदुकीच्या नळीला आतून आटे नसतात, म्हणून तिला गुळगुळीत नळीची बंदूक म्हणतात. या बंदुकीशी कायदा सर्वांत प्रेमाने वागतो. कलम १३ मध्ये वीस इंचांपेक्षा कमी नसलेली गुळगुळीत नळी नागरिकाने स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली तर प्राधिकाऱ्याने परवाना ‘द्यावा’ अशी भाषा आहे. पीक राखायला ठासणीची बंदूक मागितली तरी तेच. बाकीच्या बंदुकांसाठी अर्जदाराला सबळ कारण पटवून द्यावे लागते. आणि त्याच बंदुकीची नळी वीस इंचांच्या आत आली की ती उडी मारून पहिल्या गटात जाते. काडतूस तेच, छरे तेच, उलट आखूड नळीतून छरे लवकर विखुरतात आणि पल्लाही कमी होतो. पण ती कोटाखाली मावते. नळी कापून आखूड करणे हाच कलम ६ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. घरात बसून करवत चालवली आणि बंदूक कोणावर रोखलीही नाही, तरी गुन्हा झाला.

लांबीची ही रेघ अमेरिकेतही आहे, आणि तिचा उगम मोठा गमतीचा आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टमध्ये मशीनगन, सायलेन्सर, १८ इंचांपेक्षा आखूड नळीची शॉटगन आणि आखूड रायफल यांच्यावर २०० डॉलरचा कर बसवला गेला. त्या काळी एवढ्या पैशात जवळपास एक नवी टॉमी गन येत असे. विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरही होते. त्यांच्यावर कर लागला की लोक रायफलीच कापून खिशात घालतील, म्हणून आखूड नळ्यांचे कलम जोडले गेले. पुढे विरोध झाला, पिस्तुले वगळली गेली, पण त्यांच्या पाठराखणीला आणलेले कलम तसेच राहिले. आता तिथे पिस्तूल सहज मिळते आणि १५ इंचांच्या नळीच्या रायफलीसाठी सरकारी नोंदणी लागते. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड नळ्यांवरचा कर शून्य झाला आहे, नोंदणी मात्र सुटलेली नाही. टेक्सासमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाला दुकानातून रीतसर सायलेन्सर घेता येईल. तोच त्याने बॅगेत घालून मुंबईला आणला तर विमानतळावर तो थेट गजाआड. आपल्या अधिनियमात बंदुकीचा आवाज किंवा लखलखाट दाबणारे उपकरण ‘अग्निशस्त्र’ याच व्याख्येत बसते. बंदूक नसली तरी नुसती ती नळकांडी म्हणजे बंदूक.

गटांचे क्रमांक हे कारकुनी काम वाटते. पण १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत या क्रमांकांवर माणसांची आयुष्ये टांगली गेली. टाडा कायद्याच्या कलम ५ मध्ये शस्त्रांची वेगळी यादीच दिलेली नव्हती. १९६२ च्या शस्त्र नियमांतली अनुसूची एक, गट १ आणि गट ३ (अ) यांतले शस्त्र अधिसूचित क्षेत्रात विनापरवाना बाळगले तर किमान पाच वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप, असे ते कलम होते. म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याने जुन्या परवाना नियमांचा तक्ता उचलून शिक्षेला जोडला. बृहन्मुंबई अधिसूचित क्षेत्र होते. विनापरवाना दुनळी बाळगणारा या कलमाच्या बाहेर, विनापरवाना रिव्हॉल्व्हर बाळगणारा आत.

अभिनेता संजय दत्तचा खटला याच कलमावरून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला. १९९४ च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितले की शस्त्र जवळ असणे म्हणजे ते आपल्याकडे आहे याची जाणीव असणे. आणि त्या शस्त्राचा दहशतवादी कृत्याशी काहीही संबंध नव्हता, हे सिद्ध करण्याची संधी आरोपीला मिळाली पाहिजे. पुढे २००६ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला टाडाच्या आरोपांतून सोडले, पण एके-५६ रायफल आणि ९ मिमी पिस्तूल बेकायदा बाळगल्याबद्दल शस्त्र अधिनियमाखाली दोषी धरले. २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली. पाचच का, यावर तेव्हा चहाच्या टपऱ्यांपासून टीव्हीपर्यंत काथ्याकूट झाला. उत्तर कलम २५ (१-अ) मध्ये होते. प्रतिबंधित शस्त्राला त्या वेळी किमान शिक्षाच पाच वर्षांची होती. हत्यार पहिल्या गटातले ठरल्यावर न्यायाधीशांच्या हातात त्याखाली उतरायला पायरीच नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने तीच शिक्षा किमान सात ते कमाल चौदा वर्षे केली आहे. बिगरप्रतिबंधित बंदूक विनापरवाना सापडली तर दोन ते पाच वर्षे. बातम्यांत येणारा गावठी कट्टा बहुधा या दुसऱ्या कलमात अडकतो. ‘हत्यार कायदा कलम ३, २५’ असे पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये लिहिलेले असते ते हेच. बातमीत नसते ती पुढची पायरी: कलम ३ च्या गुन्ह्यात खटला चालवायला जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते.

१९९४ च्या निकालातला ‘जाणीव’ हा मुद्दा आज निराळ्याच लोकांच्या कामी येतो. परवानाधारक काकांची बॅग पुतण्या प्रवासाला घेऊन जातो, कप्प्याच्या शिवणीत एक काडतूस अडकलेले असते आणि विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रावर ते दिसते. बंदूक नाही, हेतू नाही, तरी गुन्हा दाखल होतो, कारण काडतुसालाही परवाना लागतो. अशा कितीतरी फिर्यादी उच्च न्यायालयांनी रद्द केल्या आहेत: बाळगणाऱ्याला ठाऊकच नव्हते, तर बाळगणे झालेच नाही. पण तोवर विमान गेलेले असते आणि वकिलाची फीही.

आता पाचव्या गटाकडे, म्हणजे धारदार हत्यारांकडे. पाते नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल आणि ते घरकाम, शेती, विज्ञान किंवा उद्योगासाठी बनवलेले नसेल तर ते या गटात येते. दसऱ्याला झेंडूची फुले वाहून पुजलेली घरातली तलवार इथलीच. राज्य सरकारने २०२४ मध्ये राज्यशस्त्र म्हणून घोषित केलेला दांडपट्टाही मापाने इथेच बसतो. मात्र बंदुकीला सरसकट परवाना लागतो, तसे तलवारीचे नाही. कलम ४ खाली केंद्र सरकारने एखाद्या भागासाठी अधिसूचना काढली असेल तरच तिथे या हत्यारांना परवान्याची सक्ती होते. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटण दाबून उघडणारे चाकूही त्यात ओढले गेले, पाते ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद असले तरी. जुन्या हिंदी सिनेमातला खलनायक ज्या झटक्यात रामपुरी उघडतो तो झटकाच इथे गुन्ह्याचा भाग आहे. तेवढ्याच पात्याचा भाजीचा चाकू निर्धास्त.

मग कोयत्याचे काय? ऊसतोडणीचा कोयता निव्वळ शेतीचे अवजार. अधिनियमाच्या व्याख्येतून फक्त घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू वगळल्या आहेत. त्यांची उदाहरणे म्हणून कायद्याने काय दिले असेल? लाठी आणि फिरायला जायची काठी. पुण्यात रस्त्यावर कोयते नाचवणारी टोळकी निघाली तेव्हा या वगळण्याची मर्यादा कळली. लोहाराच्या दुकानात मांडलेला कोयता आणि रात्री दुचाकीवरून फिरवलेला कोयता यांत लोखंडाचा काहीच फरक नाही. दुकानदारांनी कोयता घेणाऱ्याची ओळख नोंदवावी, असा उपाय पोलिसांनी काढून पाहिला. न्यायालयात मात्र सरकारी वकिलाला दुसरा आधार शोधावा लागतो, तो महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा. त्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठराविक दिवसांसाठी हत्यारे बाळगायला मनाई करतात. त्या यादीत लाठ्याकाठ्यासुद्धा येतात. एका कायद्याने जी घरगुती वस्तू, ती दुसऱ्या कायद्याने पंधरवड्यापुरती हत्यार. सणासुदीला आणि मोर्च्यांच्या दिवसांत प्रत्येक जिल्ह्यात असे आदेश निघतात आणि कोणी वाचत नाही.

सवलतींची यादीही अशीच इतिहासातून आली आहे. शिखांच्या कृपाणाला तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणाचेच संरक्षण आहे. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडव समाजाला आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत, जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. ब्रिटिशांनी दिलेली ही सूट केंद्राने २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. तिथे कैलपोळ्द सणाला बंदुकांची पूजा होते. ब्रिटिशांचा १८७८ चा शस्त्र कायदा हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभा करत होता आणि युरोपीयांना मोकळे सोडत होता. त्याचा राग इतका होता की काँग्रेसने १९३१ मध्ये मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, नियमांच्या चौकटीत का होईना, घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत तो मुद्दा पुन्हा काढला. डॉ. आंबेडकरांनी तो मान्य केला नाही. शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर त्यांचा भर होता. तेव्हापासून आपल्याकडे बंदूक हा हक्क नसून परवाना आहे.

नेमबाजांसाठी मात्र दार बरेच उघडे आहे. सामान्य परवानाधारकाला २०१९ नंतर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या किंवा नामांकित नेमबाजाला २०२० च्या अधिसूचनेनुसार बारापर्यंत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकले त्यात .२२ ची रायफल वापरतात. ती तिसऱ्या गटात येते. शाळकरी मुले ज्यावर सुरुवात करतात ती १० मीटरची हवेची रायफल .१७७ मापाची. मापाने .१७७ च्या वर किंवा नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असलेल्या हवेच्या बंदुकीला २०१६ च्या नियमांनी परवाना लागू केला. ऑनलाइन ‘परवाना लागत नाही’ अशा जाहिराती दिसतात तेव्हा हे दोन आकडे वस्तूच्या वर्णनात आहेत का ते पाहावे. .२२ ची एअरगन दिसायला जवळपास तशीच असते आणि काहीशे रुपयांच्या फरकात माणूस शस्त्र अधिनियमाच्या कक्षेत जातो.

शेवटी कोकणात आणि गोव्यात घरोघरी येणारा प्रश्न. आजोबांच्या नावावर शेती संरक्षणाची एकनळी आहे, त्यांचे वय झाले आहे, निवडणूक जाहीर झाली की दर खेपेला ती पोलीस ठाण्यात जमा करायला कोणीतरी जावे लागते. (सरसकट सगळ्यांनी जमा करायची गरज नसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर कोणाची बंदूक ठेवून घ्यायची हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते, पण गावात निरोप येतो तो सगळ्यांना.) परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे असली तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. तसे न करता आजोबा गेले तर परवाना त्यांच्याबरोबर संपतो. कपाटावरची बंदूक त्या दिवसापासून विनापरवाना असते. ती ताबडतोब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची आणि मग वारसांनी अर्ज करायचा, हा रस्ता. फारच जुनी, पुराणवस्तूत मोडणारी ठासणीची असेल तर २०२० पासून नुसती घरात ठेवायला परवाना नको. पण ती झाडायची, कोणाला दाखवायला घेऊन जायची किंवा तिच्यासाठी दारूगोळा घ्यायचा, तर लागतोच. आणि ती पुराणवस्तूत मोडते की नाही याचा निर्णय घरच्यांच्या आठवणींवर होत नाही. गंजलेली, घोडा तुटलेली, पण लोहाराने तासाभरात दुरुस्त केली तर झाडता येईल अशी बंदूक कायद्याच्या लेखी बंदूकच आहे. दुरुस्तीनेही जी कधी झाडता येणार नाही, तेवढीच कलम ४५ खाली अधिनियमाच्या बाहेर जाते.